फ्लॅट विकताय? एजंटच्या दलालीचं आधी ठरवा, मग चावी द्या

आईचा सिंहगड रोडवरचा टू बीएचके विकायचा ठरला तेव्हा दलालीबद्दल मला एवढंच माहीत होतं की "एक-दोन टक्के घेतात". एजंट ओळखीच्या ओळखीतून आलेला, बोलायला एकदम गोड. पहिल्याच दिवशी मी विचारलं तुमचं किती, तर म्हणाला ताई आधी व्यवहार तर होऊ द्या, तुमच्याकडून काय जास्त घेणारे का मी. मीही गप्प बसले, पैशाचं तोंडावर बोलायला अवघड वाटतंच ना. तीन महिन्यांनी रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाकावर, आई शेजारी, घेणारी पार्टी समोर, आणि हा हळूच सांगतो की दोन टक्के प्लस जीएसटी. व्यवहार ७२ लाखांचा. म्हणजे १ लाख ४४ हजार, वर १८ टक्क्यांनी २५,९२०, एकूण १,६९,९२०. मी मनात ७२ हजार धरून बसलेले. जीएसटी नंबर द्या म्हटलं तर नंबरच नव्हता! शेवटी दीड टक्क्यावर, १ लाख ८ हजारांवर तोडलं, पण तोवर त्या दिवसाची सगळी मजा गेली होती. आणि खरं सांगू का, चूक निम्मी माझीच होती.

त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार जणांच्या व्यवहारात मी मधे मधे नाक खुपसलं, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. पहिल्यांदाच घर विकणाऱ्यांसाठी आहे, पुण्या-मुंबईकडच्या रीसेल फ्लॅटबद्दल आहे. जमिनीचे, गुंठ्यांचे व्यवहार वेगळे, त्यात मला काही कळत नाही.

पायरी १ : "मार्केट रेट" म्हणजे काय ते समजून घ्या

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की दलालीचा सरकारी रेट असा काही नसतो. रेरा, म्हणजे बिल्डर-एजंटवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा, त्याखालचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण महारेरा सुरू झालं २०१७ मध्ये, त्यात एजंटची नोंदणी आली, त्याने काय करायचं काय नाही ते आलं, पण किती टक्के घ्यायचे हे कुठेही लिहिलेलं नाही. जे चालतं ते रिवाजाने चालतं. पुण्या-मुंबईत रीसेलला साधारण एक ते दोन टक्के, आणि हे दोन्हीकडून वेगवेगळे, म्हणजे विकणाऱ्याकडून वेगळे आणि घेणाऱ्याकडून वेगळे. भाड्याच्या व्यवहारात एक महिन्याचं भाडं घेतात, त्याच्याशी याची गल्लत करू नका. आणि बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेताना एजंट म्हणतो ना "आम्हाला काही नको सर", तेव्हा त्याला बिल्डर देत असतो, त्यामुळे तिथला फुकटचा अनुभव इथे धरून चालू नका.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला एक-दोन टक्केच? आमच्याकडे पाच-सहा टक्के जातात. त्यांच्याकडची पद्धत अशी होती की ती सगळी रक्कम विकणाऱ्याच्या पैशातून जायची आणि मग दोन्ही बाजूंचे एजंट वाटून घ्यायचे. ऑगस्ट २०२४ पासून तिथले नियम बदललेत, आता घर बघायला जायच्या आधीच घेणाऱ्याने आपल्या एजंटबरोबर लेखी करार करायचा असतो. हे सांगायचं कारण एवढंच, की तिथे दोन बाजूंना बहुतेक वेळा दोन एजंट असतात आणि आपल्याकडे बऱ्याचदा एकच माणूस दोन्ही खुर्च्यांवर बसलेला असतो. त्यामुळे त्यांचे टक्के आणि आपले टक्के शेजारी ठेवून "आपल्याकडे किती स्वस्त" असं म्हणण्यात अर्थ नाही.

पायरी २ : तो कोणासाठी काम करतोय याचा हिशोब करा

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

समजा तुमची अपेक्षा ७२ ची आणि पार्टी ७० वर अडून बसलीय. दोन लाख सोडले तर तुमचे दोन लाख गेले. एजंटचे किती गेले? एक टक्का धरला तर दोन हजार. दोन हजारांसाठी तो अजून महिनाभर फोन करत, रविवारी लोकांना फ्लॅट दाखवत फिरेल का हो? कोणीच नाही फिरणार, मीपण नाही. त्यात घेणाऱ्याकडूनही त्याला टक्का मिळणारच आहे, म्हणजे आज ७० ला क्लोज झालं तर त्याच्या हातात दोन्हीकडचे मिळून १ लाख ४० हजार रोख उभे आहेत आणि उद्याचं काही खरं नाही. म्हणून तो तुम्हाला सांगणार की "मार्केट डाऊन आहे, पार्टी चांगली आहे, लोन सँक्शन आहे, सोडू नका". यातलं सगळं खोटं असतं असं नाही, बऱ्याचदा खरंही असतं, पण तो ते का बोलतोय हे तुम्हाला माहीत पाहिजे. एजंट वाईट माणूस नसतो, त्याचं गणितच असं बसलेलं असतं की लवकर होणारा व्यवहार त्याला चांगल्या भावाच्या व्यवहारापेक्षा परवडतो.

त्यामुळे दलाली एक का दीड यावर जीव काढण्यापेक्षा भावाचा लगाम स्वतःच्या हातात ठेवणं जास्त फायद्याचं आहे, अर्धा टक्का वाचवायचा म्हणून रुसवाफुगवी केली आणि तिकडे भावात तीन लाख सोडून आलो असं करणारे मी पाहिलेत.

पायरी ३ : भाव एजंटला विचारायच्या आधी स्वतः काढा

नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, तिथे तुमच्या एरियाचं, सर्व्हे नंबरचं टाकलं की झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, दिसतात, त्यात मोबदला किती हे लिहिलेलं असतं. साइट कधी चालते कधी रुसते, कॅप्चा तीनदा टाकावा लागतो, पण बसा. आपल्याच सोसायटीतले मागच्या वर्ष-दोन वर्षातले दोन-तीन व्यवहार सापडले तरी अंदाज येतो. पोर्टलवर मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स वगैरेवर जे आकडे दिसतात ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात, हा फरक लक्षात ठेवा.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही बघून ठेवा, कारण त्यापेक्षा फार खाली अ‍ॅग्रीमेंट दाखवलं तर इन्कम टॅक्सवाले रेकनरच्या किमतीवर तुमचा नफा धरू शकतात.

आणि हो, एजंटला बोलवायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर, शेजारी, नातेवाइकांत एकदा विचारून घ्या. आईच्या मजल्यावरच्या काकूंना भाचीसाठी फ्लॅट हवा होता हे आम्हाला व्यवहार झाल्यावर कळलं, काय बोलणार.

पायरी ४ : एजंट कोण आहे ते बघा

महारेराच्या साइटवर एजंटची यादी आहे, नाव किंवा नंबर टाकून शोधता येतं. एजंटचा नोंदणी नंबर इंग्रजी "ए" अक्षराने सुरू होतो, प्रोजेक्टचा "पी" ने. आता एजंटना महारेराची परीक्षाही पास व्हावी लागते, २०२३ पासून त्या परीक्षा सुरू झाल्यात. व्हिजिटिंग कार्डावर नंबर असेल तर तो साइटवर टाकून बघा, दुसऱ्याच कोणाचा निघत नाही ना.

पण एक बारीक गोष्ट आहे जी बरेच लोक चुकीची सांगतात. कायद्यातली एजंट नोंदणीची सक्ती ही रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधली घरं विकण्यासाठी आहे. तुमची बिल्डिंग १९९८ ची, रेराच्या कितीतरी आधीची, तर तिथला रीसेल करून देणाऱ्या माणसाकडे नंबर नसला म्हणून तो लगेच फ्रॉड ठरत नाही. कित्येक जुने, चांगले, एरियातली बिल्डिंग न बिल्डिंग तोंडपाठ असणारे लोक असेच काम करतात. नंबर असलेला असेल तर बरंच, पण नुसता नंबर आहे म्हणून डोळे मिटू नका आणि नाही म्हणून पळून जाऊ नका. त्याने तुमच्या सोसायटीत किंवा शेजारच्या सोसायटीत आधी कोणाचा फ्लॅट विकलाय ते विचारा आणि त्या माणसाला सरळ फोन करा. दोन फोनमध्ये जे कळतं ते कुठल्याच सर्टिफिकेटवर नसतं.

पायरी ५ : टक्क्यावर बोला, पण नुसत्या टक्क्यावर नको

पहिल्या भेटीत, चहा संपायच्या आत विचारायचं. मी आता असं विचारते:

"तुमची दलाली किती, ती कुठल्या रकमेवर, त्यात जीएसटी आहे का वरती, आणि द्यायची कधी?"

हे एका दमात विचारलं की समोरचा ओळखतो की यांना माहितीय. पहिलं उत्तर दोन टक्के येणार. "साहेब, सगळीकडे दोनच आहे" हेही येणार. रक्कम मोठी असेल तर एक टक्का मिळायला फार अडचण येत नाही, कारण दीड कोटीच्या फ्लॅटला त्याचं काम पंचावन्न लाखांच्या फ्लॅटच्या तिप्पट नसतं. छोटा फ्लॅट, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, चौथा मजला, असं असेल तर मात्र दोन टक्के मागितले तरी मी फार ताणणार नाही, त्याला तिथे खरंच घाम गाळावा लागतो.

कुठल्या रकमेवर हे का विचारायचं? कारण फर्निचर, एसी, मॉड्युलर किचन याचे कधी वेगळे पैसे ठरतात. ७२ लाख फ्लॅटचे आणि ३ लाख फर्निचरचे, तर टक्का ७२ वर का ७५ वर? मी म्हणते अ‍ॅग्रीमेंटवरच्या रकमेवर. तो म्हणेल एकूण डीलवर. जे काय ते आधी ठरवा, फरक एक टक्क्याला तीन हजारांचाच आहे पण शेवटच्या दिवशी याच तीन हजारांवरून आवाज चढतात.

मला स्वतःला आवडलेला एक प्रकार सांगते. माझ्या मावसभावाने केला होता. ७० लाखांपर्यंत सरळ एक टक्का, आणि ७० च्या वर जेवढे मिळवून देशील त्याचे दहा टक्के. ७४ ला गेला तर ७० हजार अधिक ४ लाखांचे दहा टक्के म्हणजे ४० हजार, एकूण १ लाख १० हजार. आता बघा, पायरी २ मधलं गणित उलटं झालं, एका लाखासाठी झगडल्यावर त्याला हजाराऐवजी दहा हजार मिळणार. एजंट आधी बिचकला, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाला चालेल. फक्त तो ७० चा आकडा तुम्ही नीट अभ्यास करून ठरवलेला पाहिजे, मुद्दाम कमी ठेवला तर तुमचंच नुकसान.

याच्यासारखाच दिसणारा पण एकदम वेगळा आणि घातक प्रकार म्हणजे "नेट". एजंट म्हणतो तुम्हाला ७० हातात देतो, वरचे माझे, तुम्ही दलालीचं टेन्शनच घेऊ नका. ऐकायला किती गोड! पण मग घेणाऱ्याने किती दिले ते तुम्हाला कधीच कळत नाही. त्याच्याकडून ७६ घेतले तर वरचे सहा लाख कुठे दाखवणार? अ‍ॅग्रीमेंट ७६ चं केलं तर टॅक्सच्या हिशोबात ७६ तुमच्या नावावर आणि हातात ७०. अ‍ॅग्रीमेंट ७० चं केलं तर वरचे सहा रोखीत फिरले, आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही, त्यात तुम्हीही अडकू शकता. शिवाय एजंट ७६ च्या नादात ७१-७२ वाल्या चांगल्या पार्टी तुमच्यापर्यंत येऊच देत नाही, सहा महिने फ्लॅट पडून राहतो. नेटला सरळ नाही म्हणा. वरचे पैसे द्यायचे तर द्या, पण उघड, बिलावर, आणि घेणाऱ्याने दिलेला पूर्ण आकडा तुमच्यासमोर आलेला असताना.

त्याच्या कामात काय काय येतं हेही याच वेळी बोला. फोटो आणि जाहिरात कोणाच्या खर्चाने, फ्लॅट दाखवायला तोच येणार का चावी घेऊन कोणी पोरगा पाठवणार, सोसायटीच्या कागदांना मदत करणार का, रजिस्ट्रेशनच्या दिवशी हजर राहणार का. सोसायटीची ट्रान्सफर फी, प्रीमियम (महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो) यातलं काही त्याच्या दलालीत नसतं, ते वेगळं, आणि ते विकणाऱ्याने भरायचं का घेणाऱ्याने हे तुम्ही आणि पार्टीने ठरवायचं. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फी घेणारा भरतो.

पायरी ६ : व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या

वकिलाकडून करार करून घेतला तर उत्तमच, पण नव्वद टक्के लोक करणार नाहीत हे मला माहितीय, मीही केला नसता. मग निदान बोलणं झाल्यावर त्याच दिवशी एक मेसेज टाका आणि त्याच्याकडून "ओके" घ्या. मी मैत्रिणीला लिहून दिलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार, आज बोलल्याप्रमाणे माझ्या फ्लॅटच्या विक्रीसाठी तुमची दलाली अ‍ॅग्रीमेंटच्या रकमेच्या १ टक्का, जीएसटी लागू असल्यास बिलावर वेगळा. निम्मी अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर, निम्मी मला सगळे पैसे मिळाल्यावर, दोन्ही ऑनलाइन. व्यवहार रद्द झाल्यास दलाली नाही. ही दलाली फक्त तुम्ही आणलेल्या पार्टीसाठी. सोसायटीतल्या दोघांशी माझं आधीच बोलणं चालू आहे, ते यात धरलेले नाहीत. तुम्ही घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार असाल तर मला कळवा. हे तीन महिन्यांसाठी आहे. चालत असेल तर ओके कळवा."

यातला प्रत्येक शब्द कोणाच्या ना कोणाच्या भांडणातून आलाय. "व्यवहार रद्द झाल्यास" हे का, तर टोकन झाल्यावर पार्टीचं लोन नामंजूर होतं आणि एजंट म्हणतो मी तर माणूस आणला होता. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम २१९ मध्ये आहे की वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. पण काम पूर्ण म्हणजे कधी, टोकनला का साठेखताला (म्हणजे अ‍ॅग्रीमेंटला) का ताब्याला, यावर वाद घालत बसण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

"तुम्ही आणलेल्या पार्टीसाठी" हे का, तर आपल्याकडे एकाच फ्लॅटवर चार-पाच एजंट काम करतात आणि तेच जोडपं दोघांबरोबर येऊन फ्लॅट बघून जातं. मग दोघंही म्हणतात पार्टी माझी. यावर साधा उपाय, कोण कोणाला कुठल्या तारखेला घेऊन आलं हे वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवायचं, आणि एजंटला सांगायचं की आणायच्या आधी पार्टीचं नाव मेसेज कर. ज्याने पहिल्यांदा आणलं त्याची पार्टी, हा मी ठेवलेला नियम, बहुतेक एजंट तो मानतात. कधी दोन एजंट आपापसात शेअरिंग करतात, ते त्यांचं त्यांनी बघावं, तुमची एकूण रक्कम वाढता कामा नये.

एकालाच द्यायचं का चार जणांना? एजंट एक्सक्लुझिव्ह मागतात, म्हणजे फक्त त्यालाच. चांगला असेल तर द्यायला हरकत नाही, खर्च करून नीट जाहिरात करतो, पण साठ किंवा नव्वद दिवसांच्या वर नको, आणि स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकाची सूट पाहिजेच पाहिजे. मी चौघांना दिला होता, त्याचा परिणाम असा की एकाच फ्लॅटचे पोर्टलवर चार वेगवेगळे भाव झळकत होते, ६९ पासून ७८ पर्यंत. येणारा माणूस अर्थातच ६९ धरून यायचा.

पायरी ७ : टोकनच्या वेळी डोकं थंड ठेवा

टोकनचा चेक किंवा ट्रान्सफर घरमालकाच्या नावाने, थेट. एजंटच्या खात्यात "सेफ्टीसाठी" ठेवू नका. विसार पावतीत पूर्ण किंमत, किती दिवसात अ‍ॅग्रीमेंट, लोन नाही झालं तर टोकन परत का जप्त, हे आलं पाहिजे. त्यात एजंटच्या दलालीची ओळ घुसवलेली असते कधी कधी, "दोन्ही पक्ष दोन दोन टक्के देतील" वगैरे, आधी एक ठरलेलं आणि छापील फॉर्ममध्ये दोन. सही करायच्या आधी वाचा, छापील असलं तरी खोडून दुरुस्त करता येतं आणि शेजारी छोटी सही करायची.

मूळ कागद, म्हणजे जुनं अ‍ॅग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, एजंटकडे द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्या आणि त्यावर आडवं लिहा की फक्त पाहण्यासाठी. कुलमुखत्यारपत्र तर अजिबात नाही. परदेशात राहणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, कारण त्यांना एजंट सहज म्हणतो की पॉवर माझ्या नावाने करा, तुम्हाला यायला नको. भावाला, बहिणीला, विश्वासातल्या नातेवाइकाला द्या. विकणाऱ्याचा एजंट आणि विकणाऱ्याचा मुखत्यार एकच माणूस झाला की मग त्याला अडवणारं कोणी राहत नाही. तुम्ही एनआरआय असाल तर टीडीएसचा हिशोबही एकदम वेगळा आणि मोठा असतो, तिथे एजंटचं न ऐकता आधी सीएला गाठा.

पायरी ८ : दलाली देताना

बिल मागा. बिलावर त्याचं नाव, पॅन, फ्लॅटचा पत्ता, रक्कम, तारीख. जीएसटी लावला असेल तर त्याचा जीएसटी नंबर, आणि तो पोर्टलवर टाकून चालू आहे का बघा. सेवा देणाऱ्याला साधारण वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते, त्याच्या आतला छोटा एजंट नोंदणीशिवाय असू शकतो, त्यात गैर काही नाही. पण मग त्याने जीएसटी घ्यायचाही नाही. माझ्या एजंटला नंबर नव्हता आणि तरी तो १८ टक्के मागत होता, ते २५,९२० सरकारकडे थोडेच जाणार होते. आणि जीएसटी लागतो तो दलालीवर, फ्लॅटच्या किमतीवर नाही. रीसेलच्या तयार फ्लॅटच्या किमतीला जीएसटी नसतोच, कोणी तसं सांगून घाबरवलं तर लक्ष देऊ नका.

अजून एक घोळ होतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा तुमच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरतो. ७२ लाखांवर ७२ हजार, आणि एक टक्का दलालीही ७२ हजारच. आईला बरेच दिवस वाटत होतं की दलाली पार्टीने आधीच कापून घेतली, आता परत कशाला द्यायची! तो टीडीएस तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना मिळतो, त्याचा एजंटशी काही संबंध नाही. पार्टीने भरला का ते पंधरा-वीस दिवसांनी तपासा मात्र.

रोख मागितली तर? "बिल नको, रोख द्या, पाच हजार कमी करतो" असं बरेच जण म्हणतात. घर विकताना झालेली दलाली ही विक्रीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येते, पण त्याला पुरावा लागतो, म्हणजे बिल आणि बँकेची एंट्री. एक टक्का आणि जीएसटी मिळून ८४,९६० दिलेत असं धरा. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर आता साडेबारा टक्क्यांनी टॅक्स लागतो (२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर भारतात राहणाऱ्यांना इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदी किंमत, धरून वीस टक्क्यांचा पर्यायही आहे, सीए दोन्ही करून बघतो). साडेबारा धरले तर ८४,९६० च्या बिलाने १०,६२० रुपयांचा टॅक्स वाचतो. त्यासमोर त्याची पाच हजारांची सूट ठेवून बघा. नफ्यातून नवीन घर घेणार असाल आणि टॅक्सच लागत नसेल तर हा मुद्दा तितका राहत नाही, पण तरी बिल घ्याच, पुढे मागे नोटीस आली तर दाखवायला होतं.

दुसरा हप्ता सगळे पैसे खात्यात आल्याशिवाय सोडायचा नाही. लोनची पार्टी असेल तर बँकेचा चेक येईपर्यंत सोसायटीची एनओसी, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र, जुन्या लोनचे कागद, असं काही ना काही निघत राहतं आणि तेव्हाच एजंटची खरी गरज असते. ज्यांनी टोकनच्या दिवशी पूर्ण दलाली देऊन टाकली त्यांना विचारा, पुढचे फोन दोन-दोन दिवस उचलले जात नाहीत. माझ्या एजंटबद्दल एवढं मात्र चांगलं बोलावं लागेल, दीड टक्क्यावर नाराज असूनही बँकेच्या कामाला तो स्वतः दोनदा आला होता, कारण ५४ हजार त्याचे अजून माझ्याकडे होते.

शेवटचा हप्ता दिल्यावर त्याच्याकडून "दलाली पूर्ण मिळाली, काही बाकी नाही" असा मेसेज घ्या आणि बिल, इंडेक्स टू, विसार पावती सगळं एका फोल्डरमध्ये टाका. आणि त्याला आठवणीने सांगा की पोर्टलवरून जाहिरात काढ, चारही एजंटना सांगा, कारण आईचा फ्लॅट विकून आठ महिने झाले तरी मला अजून रविवारी सकाळी फोन येतो, टू बीएचके आहे ना ६९ वाला, बघायला कधी येऊ?